पानावरचा ठिपका कोणत्या कुळातला? पर्णवासी लायकेन ओळखण्याची रीत

उष्ण कटिबंधातल्या दमट जंगलात कमरेएवढ्या उंचीच्या झुडपाचे एखादे जुने, जाडसर पान हातात धरा आणि थोडे तिरके करून उजेडात पाहा. वरच्या बाजूला राखाडी, पोपटी, पांढुरके ठिपके दिसतील. काही टिकलीएवढे, काही नखाएवढे, तर काही एकमेकांना भिडून मध्ये काळी सीमारेषा आखून बसलेले. बहुतेक जण त्यांना रोग समजतात. प्रत्यक्षात ते लायकेन असण्याची शक्यता मोठी आहे, आणि एकाच पानावर त्यांच्या दहा-बारा जाती सहज सापडू शकतात.

लायकेनला आपण दगडफूल म्हणतो, ग्रंथांत शैवाक. दगडावर आणि खोडावर ते सगळ्यांनी पाहिलेले असते. जिवंत पानावर आयुष्य काढणाऱ्या लायकेनांच्या मात्र ८०० हून अधिक जाती माहीत आहेत, तरी त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. त्यांना ओळखायचे कसे आणि वर्गीकरणात बसवायचे कुठे, हे इथे क्रमाने सांगतो. मराठी जीवशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे ‘जाती’ म्हणजे सगळ्यात खालची पातळी, तिच्या वर ‘प्रजाती’, तिच्या वर ‘कुल’ आणि कुलाच्याही बरीच वर ‘वर्ग’, एवढे आधी लक्षात असू द्या.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

लायकेन हा एकटा जीव नव्हे. कवक आणि शैवल यांचा तो संसार आहे. सायमन श्वेंडनर यांनी १८६७ साली ही गोष्ट मांडली, तेव्हा लायकेनच्या अनेक अभ्यासकांना ती अजिबात रुचली नव्हती. आज ती निर्विवाद आहे आणि नावाचा नियमही तिच्यावरच उभा आहे: लायकेनला दिलेले नाव हे त्यातल्या कवकाचे नाव असते. शैवलाचे नाव वेगळे, आणि तेच शैवल दुसऱ्या एखाद्या कवकाबरोबरही नांदत असू शकते.

म्हणून ‘पर्णवासी लायकेन’ असे कोणते कुल नाही. पान हा त्यांचा पत्ता आहे, घराणे नव्हे. एका चाळीत राहणाऱ्यांची आडनावे वेगवेगळी असतात तसे या ठिपक्यांचे आहे. एकाच पानावर शेजारी बसलेली दोन लायकेन नात्याने इतकी दूर असतात की त्यांचे वर्गसुद्धा निराळे निघतात. पूर्वीच्या वर्गीकरणात बाह्यरूप आणि शैवलाचा प्रकार यांना फार मान होता, त्यामुळे दूरची मंडळी जवळ आणि सख्खी मंडळी दूर पडली. स्वीडनचे रॉल्फ सांटेसन यांनी १९५२ साली पर्णवासी लायकेनांची नव्याने मांडणी केली आणि त्यांना फळांच्या (कवकाचे बीजाणू तयार करणाऱ्या अवयवांच्या) रचनेवरून, म्हणजे कवक म्हणून, त्यांच्या खऱ्या नातलगांजवळ नेऊन बसवले. पुढे दिलेली सगळी रीत त्याच विचारावर चालते. रंगावर भाळू नका, फळ शोधा.

पान निवडणे

कोवळ्या पानावर काही मिळणार नाही. लायकेनचा बीजाणू पानावर पडून, रुजून, शैवल मिळवून, वाढून फळायला महिने लागतात. म्हणून वर्ष-दोन वर्षे टिकणारी, गुळगुळीत, चिवट पाने असलेली सदाहरित झाडे पाहा. फांदीच्या टोकापेक्षा आतल्या बाजूची जुनी पाने चांगली. ओढ्याकाठ, धुके साचणारे उतार, पडलेल्या झाडामुळे उजेड शिरलेली जागा, या सगळ्या ठिकाणी एकेक पान तपासा, कारण उजेडाप्रमाणे रहिवासी बदलतात. दाट सावलीत पोरायना, ट्रायकोथेलियम, मॅझोसिया या लायकेन-प्रजातींची गर्दी असते. जिथे ऊन थोडे जास्त पोहोचते तिथे जायलेक्टिडियमसारखी मंडळी वाढतात.

यजमान झाड कोणते, याची नोंद जरूर करा, पण त्यावरून लायकेन ओळखायला जाऊ नका. बहुतेक पर्णवासी लायकेन विशिष्ट झाडाला बांधलेली नसतात. त्यांना पानाचा पोत, आयुष्य आणि उजेड महत्त्वाचा. काही संशोधकांनी जंगलात पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे ठेवून पाहिले, तर त्यांवरही ही लायकेन रुजली आणि वाढली. प्लास्टिक पारदर्शक असल्यामुळे बीजाणू रुजण्यापासूनचा सगळा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली जसाच्या तसा पाहता आला. लायकेनच्या अभ्यासात इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

हे लायकेनच आहे का?

दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. आधी पान उलटा. ठिपक्याच्या बरोबर मागे पान तपकिरी होऊन मेले असेल तर तो बहुधा बुरशीजन्य रोग. लायकेनच्या मागची बाजू सहसा हिरवी आणि निरोगी असते, कारण बहुतेक पर्णवासी लायकेन पानाच्या मेणचट थरावर नुसती बसलेली असतात आणि पानातून काहीही घेत नाहीत.

बोट ओले करून हलके घासा. काजळीसारखे काळे पुसून आले तर ती काजळी बुरशी. सूक्ष्म पानांची एकावर एक रांग दिसली तर ते यकृतका गटातले, शेवाळासारखे दिसणारे इवले झाड. ते लायकेनच्या शेजारीच वाढते आणि नवख्याला हमखास फसवते. खवले कीटक सुईने उचलला की अख्खा सुटतो. केशरी, मखमली लव असलेला गोल ठिपका दिसला तर ते सीफॅल्युरॉस नावाचे शैवल. चहाच्या पानांवर ‘लाल तांबेरा’ म्हणतात तो याचाच. याला विसरू नका, थोड्याच वेळात ते पुन्हा भेटणार आहे.

लायकेनचा ठिपका बारीक कडेने पसरतो आणि त्याच्या पृष्ठावर, बहुतेक मध्याकडे, ठिपके, बश्या, फोड किंवा केस असे काहीतरी उगवलेले असते. तेच आपले काम.

गोळा करणे आणि वाळवणे

परवानगी लागते तिथे ती आधी घ्या. एका झाडाची दोन-तीन पाने पुरतात. नुकतीच गळलेली मिळाली तर आणखी चांगले. पाने वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवा, वर वजन द्या आणि कागद रोज बदला. दमट हवेत दोन दिवस दुर्लक्ष झाले की पानावर बुरशी चढते. माझी एक अख्खी घडी अशी गेली आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. वाळलेले पान कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नको.

शैवलाचा रंग वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळे पान ताजे असतानाच रंग लिहून ठेवा आणि जमल्यास फोटो काढा.

आधी भागीदार शैवल पाहा

ठिपक्याचा बारीक तुकडा ब्लेडच्या टोकाने खरवडून पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवा आणि ४०० पट मोठा करून पाहा. इथे मुख्य वाट दुभागते.

पेशी गोल, सुट्या, स्वच्छ हिरव्या असतील तर एक बाजू. पेशी आयताकृती, एकमेकींना जोडून तंतू किंवा पंख्यासारखे पत्रे झालेले आणि आत केशरी-पिवळे थेंब असतील तर दुसरी. ही दुसरी बाजू ट्रेंटेपोहलिया या शैवलाच्या गटाची. त्यातले फायकोपेल्टिस पानावर नाजूक चकत्यांसारखे पसरते, पृष्ठावरच राहते आणि पोरायना, मॅझोसिया अशांना साथ देते. सीफॅल्युरॉस मात्र पानाच्या उपत्वचेखाली, म्हणजे त्या मेणचट थराखाली, घुसते. स्ट्रिग्युला ही प्रजाती त्याच्याशीच जोडी जमवते, म्हणून स्ट्रिग्युलाचा ठिपका नखाने निघत नाही. पानाची चकाकी त्याच्यावरून अखंड पुढे गेलेली दिसते, जणू हिरवा डाग काचेखाली आहे. पानावरच्या लायकेनांतले काही थोडेच असे आत शिरतात, आणि ही एक खूण हाती आली की निम्मे काम झाले.

शैवलावरून कुल ठरत नाही हे वर सांगितलेच आहे. तरी शक्यतांची यादी त्याने चटकन छाटली जाते, म्हणून मी नेहमी इथून सुरू करतो.

मग फळ. इथे वेळ द्या

पर्णवासी लायकेनांची फळे बहुतांशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. साधे भिंग दाखवते, पण नीट पाहायला स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा. बाजूने प्रकाश टाका, सरळ वरून नको. बाजूच्या प्रकाशात उंचसखलपणा सावल्यांनी उठून दिसतो.

पहिला प्रश्न एकच: फळ बंद आहे की उघडे?

बंद फळ म्हणजे सुरई. वरून पाहताना इवला घुमट दिसतो आणि शेंड्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र. याला पेरिथेशियम म्हणतात. घुमटावर लायकेनचाच पातळ थर चढलेला, रंग पिवळसर ते काळपट, आणि शैवल फायकोपेल्टिस असेल तर पोरायनाकडे वळा. त्याच घुमटावर काळ्या राठ केसांचा मुकुट असेल तर ट्रायकोथेलियम. वरून ते काळ्या तारकेसारखे दिसते आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास थबकतो. दोन्ही पोरायनेसी कुलातली. सुरया काळ्या, आणि ठिपका हिरवा, चकचकीत, उपत्वचेखालचा असेल तर स्ट्रिग्युलेसी. दोघांची फळे बंद सुरईचीच, तरी पोरायनेसी लेकॅनोरोमायसेटीस या वर्गात बसते आणि स्ट्रिग्युलेसी डोथिडिओमायसेटीसमध्ये. नुसत्या सुरईवर विसंबले तर केवढी चूक होते, ते यावरून कळावे.

उघडे फळ म्हणजे बशी किंवा थाळी. याला ॲपोथेशियम म्हणतात. हिची कड पाहा, कारण सगळी मेख कडेत आहे. कड पांढऱ्या कापसाच्या पेळूसारखी सैल, तंतुमय असेल तर बिसोलोमा. ही खूण इतकी पक्की आहे की भिंगानेही चुकत नाही. कड साधी, बशी लहान, तपकिरी किंवा पिवळसर असेल तर फेल्हानेरा असू शकते. तिची एक जात, फेल्हानेरा बुटेली, उष्ण कटिबंधाबाहेर युरोपातही सुचिपर्णी झाडांच्या पानांवर आढळते. बिसोलोमा आणि फेल्हानेरा दोन्ही पायलोकार्पेसी कुलातल्या, आणि त्यांचे शैवल गोल हिरव्या पेशींचे. बशी फिकट पिवळी ते केशरी, मेणासारखी, आणि शैवल ट्रेंटेपोहलिया गटाचे असेल तर सीनोगोनियम. बशीची कड फाटून पाकळ्यांसारखी बाहेर वळली असेल तर क्रूडिस्कस, म्हणजे ग्राफिडेसी कुल. आणि कडच नसेल, फळ नुसते पसरट, वेड्यावाकड्या डागासारखे असेल, तर आर्थोनियाचा विचार करा. तिचा वर्ग पुन्हा तिसराच, आर्थोनिओमायसेटीस.

फळ नसेल तर केस, खवले आणि शिरस्त्राणे

पान गळले की त्यावरचे लायकेन संपले. म्हणून पर्णवासी लायकेन घाईत असतात आणि अनेकांनी बीजाणूंखेरीज पसरण्याचे आणखी मार्ग काढले आहेत. या घाईतून घडलेले अवयव आपल्या फार उपयोगाचे आहेत.

गॉम्फिलेसी कुलात हायफोफोर नावाचे अवयव असतात, आणि ते याच कुलाची ठेव आहेत. कधी ते उभ्या काडीसारखे, कधी सपाट खवल्यासारखे. त्यांच्या टोकापाशी कवकाच्या तंतूंचे झुबके धरतात. ते तुटून, वाहून नव्या पानावर जातात. ठिपक्यावर काळे लांब केस दिसले तर ट्रायकॅरिया, पांढरे केस दिसले तर एकायनोप्लाका, आणि केस नसून इवले खवले असतील तर जायलेक्टिडियम.

जायलेक्टिडियमबद्दल थोडे अधिक सांगितल्यावाचून राहवत नाही. ठिपका राखाडी-पांढरा, कारण त्याच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साठलेले असतात. स्टिरिओखाली तो पिठीसाखर भुरभुरल्यासारखा चमकतो. त्यावर इकडेतिकडे तिरपे उभे खवले. कुणाचा त्रिकोणी, कुणाचा दोन शिंगे फुटलेला, कुणाचा कंगव्यासारखा दातेरी. या खवल्याच्या आकारावरून जातींपर्यंत जाता येते, फळ नसले तरी. एरवी फळावाचून अडून बसणारा हा अभ्यास इथे मोकळा श्वास घेतो.

दुसरी अशी खूण म्हणजे कॅम्पिलिडियम: शिरस्त्राणासारखा किंवा कानाच्या पाळीसारखा वाकलेला छोटा पडदा, आणि त्याच्या आडोशाला अलैंगिक बीजाणू. हा दिसला की पायलोकार्पेसीतल्या कॅलोपाडिया, स्पोरोपोडियम, टॅपेलारिया, लॅसिओलोमा यांच्या घोळक्यात आलात असे समजा. पडदा आणि बश्या दोन्ही काळ्या असतील तर टॅपेलारिया. ठिपकाच लोकरीसारखा केसाळ असेल तर लॅसिओलोमा.

फळ कापणे

आता हात स्थिर लागतो. फळावर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटे थांबा, म्हणजे ते मऊ होते. नवे ब्लेड घ्या. स्टिरिओखाली पाहत फळाचा अर्धा भाग आधी कापून बाजूला सारा आणि उरलेल्या अर्ध्याच्या कापलेल्या कडेवरून शक्य तितका पातळ काप काढा. पहिले चार-पाच काप जाड येतील, सगळ्यांचे येतात. काप ओल्या सुईच्या टोकावर उचलून स्लाइडवरच्या पाण्यात सोडा, वर कव्हरस्लिप ठेवा.

पोरायनाचा काप चांगला आला तर दृश्य असे दिसते: बाहेर रंगीत भिंत, आत काचेसारखा स्वच्छ पोकळ भाग, आणि त्यात तळापासून वर आलेल्या लांबट पिशव्या. ही पिशवी म्हणजे ॲस्कस. बहुधा प्रत्येकीत आठ बीजाणू, लांबट, रंगहीन, आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले, जणू पारदर्शक शेंग आणि तिच्यातले दाणे. कप्पे मोजा. लांबी आणि रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजा, निदान दहा बीजाणूंची. एकाच बीजाणूच्या मापावर जात ठरवणे म्हणजे एका माणसाच्या उंचीवरून गावाची उंची सांगणे.

कॅलोपाडियात चित्र पालटते. पिशवीत एकच बीजाणू, पण ती भरून टाकणारा, आणि त्यात आडवे-उभे दोन्ही पडदे, विटांच्या भिंतीसारखे. कप्प्यांची ही मांडणी आणि बीजाणूंची संख्या प्रजाती ठरवताना फार कामी येते.

पाण्यात पाहून झाले की कव्हरस्लिपच्या कडेला आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडा. पिशवीच्या टोकाची रचना निळी होते की नाही, हे कुलांच्या पातळीवर महत्त्वाचे असते. दुसऱ्या कापाला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सुमारे १० टक्के द्रावण द्या. काही केशरी-लाल फळांतली रंगद्रव्ये त्याने जांभळी होतात. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजते, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगालाही सोडत नाही. जपून.

नाव कुठे थांबवायचे

कुलापर्यंत बहुतेक जण पहिल्या दिवशी पोहोचतात, प्रजातीपर्यंत थोड्या सरावाने. जातीसाठी मात्र त्या प्रदेशाची ओळख-कुंजी, म्हणजे एकेक लक्षण जुळवत नावापर्यंत नेणारी यादी, हवी. अमेरिकी उष्ण कटिबंधासाठी रॉबर्ट ल्युकिंग यांचा २००८ सालचा प्रबंध मोठा आधार आहे आणि इतर प्रदेशांतल्या अभ्यासकांनाही प्रजाती ठरवताना तो उपयोगी पडतो. कुंजीतली दोन-तीन लक्षणे जुळत नसतील तर ओढूनताणून जात लावू नका. ‘पोरायना, जात अनिश्चित’ हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि चुकीच्या नावापेक्षा त्याचे मोल कितीतरी जास्त.

नावे बदलत राहणार, हेही गृहीत धरा. डीएनए पाहता येऊ लागल्यापासून जुनी घराणी फुटत आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पानावरच्या स्ट्रिग्युलाच्या जाती सहा प्रजातींत वाटल्या गेल्या: मूळ स्ट्रिग्युला, फायलोपोरिस, पुइगॅरिएला, रॅसिबोर्स्किएला, रॅकोप्लाका आणि सेरुसियॉक्सिएला. यांतली शेवटची नवी. बाकीची नावे जुनीच, पुन्हा कामाला लागली. डीएनएची वाट सोपी नाही, कारण ठिपका इवला आणि त्याच पानावर इतर कवकांची दाटी. नमुना जराही मिसळला तर भलत्याच कवकाचा डीएनए-क्रम हाती येतो. म्हणून घरी बसून ब्लेडने काढलेला स्वच्छ काप आजही जुना झालेला नाही.

पाकिटावर काय लिहायचे

ठिकाण, उंची, तारीख, यजमान झाड, पान जमिनीपासून किती वर होते, सावली की उजेड. मग ताज्या पानावरचा रंग, शैवलाचा प्रकार, फळ बंद की उघडे, केस-खवले-शिरस्त्राण असल्यास त्याचे चित्र, बीजाणूंची संख्या, कप्पे आणि मापे. एका पानावर अनेक जाती असतील तर पानाचे रेखाचित्र काढून प्रत्येक ठिपक्याला क्रमांक द्या. हे टाळले तर सहा महिन्यांनी पाकीट उघडल्यावर कोणता काप कोणत्या ठिपक्याचा, हे तुम्हालाच कळणार नाही.

नाव पेन्सिलीने लिहा, मापे शाईने. स्ट्रिग्युलाचे झाले तसे उद्या तुमच्या नमुन्याचे नाव बदलले तर पेन्सिलीचे खोडून नवे लिहिता येईल, आणि ते बदलणाऱ्याला तुमची मापे लागतील.